शांतारामबापूंची सत्तरी

व्ही. शांताराम मूळ कोल्हापूरचे. पण कोवळ्या वयात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी काम केले, म्हणून आम्हा कर्नाटकातील मराठी मंडळींना ते आपले वाटतात. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना डोळ्यांना जबर इजा झाली. तरी १९५९ मध्ये रंगांनी भरलेला ‘नवरंग’ आला. पुढे हिंदीतला जमाना पालटला. तेव्हा, १९७२ साली, सत्तरी गाठलेले बापू मायबोलीकडे वळले, रंगभूमीवरचे डॉ. श्रीराम लागू यांना मास्तर करून ‘पिंजरा’ काढला. तो आजही आमच्या घरांत पाहिला जातो. पंच्याऐंशीव्या वर्षी ‘झंझार’ केला. १९९० मध्ये ते गेले. पेन्शन सुरू झाली की आपले काम संपले, असे समजणाऱ्या आम्हा निवृत्तांनी बापूंची सत्तरी आठवावी.