रोगी तोच वैद्य

इन्शुलिनचा इतिहास सांगताना टोरांटोच्या बँटिंग आणि बेस्ट यांची नावे प्रथम घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ते औषध रोग्याच्या रोजच्या ताटापर्यंत आणि कचेरीपर्यंत कसे पोहोचले, हा इतिहास निराळा आहे. त्यात डॉ. रॉबिन लॉरेन्स यांचे स्थान फार वरचे आहे.

लॉरेन्स यांचा जन्म १८९२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झाला. पहिल्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानच्या सरहद्दीवर होते. आमांशाने बेजार होऊन १९१९ मध्ये परतले. पुढच्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात शस्त्रक्रियेचा सराव करीत असता हाडाची एक कपची त्यांच्या उजव्या डोळ्यात उडाली. डोळा चिघळला, आणि त्याच्या उपचारात मधुमेह असल्याचे उघड झाले. त्या काळी या रोगावर उपासमारीखेरीज इलाज नव्हता. त्याने मरण लांबे, टळत नसे. आप्तांच्या डोळ्यांदेखत मरण नको म्हणून लॉरेन्स इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले व तेथे जमेल तशी वैद्यकी करू लागले.

१९२३ साली त्यांची प्रकृती पार ढासळली असताना लंडनच्या सहकाऱ्याची तार आली: इन्शुलिन मिळाले आहे, गुण येतो आहे, ताबडतोब परत यावे. पायांतील बळ गेलेले, तरीही त्यांनी स्वतः मोटार हाकीत युरोप ओलांडला. मे महिन्याच्या अखेरीस त्यांना पहिली सुई टोचण्यात आली.

खरे कार्य येथून पुढे सुरू होते. इन्शुलिनने प्राण वाचत, पण मात्रा अधिक झाली वा जेवण चुकले तर रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम, थरकाप आणि बेशुद्धी येई. औषध हेच संकट ठरू शकत होते. लॉरेन्स यांनी प्रयोग बहुधा स्वतःवर केले. व्यायामाने इन्शुलिनचा प्रभाव वाढतो, हे त्यांनी १९२६ साली दाखविले. खेळणाऱ्या वा श्रम करणाऱ्या रोग्याने मात्रा आणि आहार यांचा मेळ आधीच घालावा लागतो, हे त्यातून निघाले. आहारासाठी त्यांनी केलेली योजना तर कोणाही गृहिणीस समजावी अशी होती. दहा ग्रॅम पिष्टमय द्रव्य देणाऱ्या अन्नाचा एक काळा भाग, प्रथिने व स्निग्ध पदार्थांचा एक तांबडा भाग. दोन्ही ठरलेल्या संख्येने घ्यावयाचे, आणि त्या हिशेबात ज्याची त्याने निवड करावयाची. यापूर्वीचे आहारतक्ते रोग्याला कैद्यासारखे वागवीत. येथे त्याला हिशेब शिकविण्यात आला. लघवीची तपासणी घरीच करावी, सुई स्वतः टोचावी, खिशात साखर बाळगावी, हेही रोग्याने शिकावयाचे होते. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स हे लॉरेन्स यांचे रोगी. दोघांनी मिळून १९३४ मध्ये मधुमेही लोकांची संघटना काढली. रोग लपविण्याची रीत असलेल्या समाजात हे पाऊल साधे नव्हते. मधुमेह असल्याचे कळताच नोकरी नाकारणारे मालक थोडे नव्हते. १९५० साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे पहिले अध्यक्षपद लॉरेन्स यांच्याकडे आले. १९६८ साली वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी ते निवर्तले. पहिली सुई टोचली त्यास तेव्हा पंचेचाळीस वर्षे लोटली होती.