ख्वाजा महमूद गवान : व्यापारी, वजीर आणि वास्तू

बीदर शहरात चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना एक भव्य पण अर्धी ढासळलेली इमारत दिसते. तिचा एकच मोठा मिनार आज उभा आहे. हाच तो प्रसिद्ध मदरसा. तो बांधणारा ख्वाजा महमूद गवान मूळचा व्यापारी होता, ही गोष्ट आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अभिमान वाटावी अशीच आहे.

गवानाचा जन्म इराणातील गिलान प्रांतात १४११ च्या सुमारास झाला. १४५३ मध्ये तो माल घेऊन समुद्रमार्गे कोकणातील दाभोळ बंदरात उतरला व तेथून बीदरला आला. बहमनी सुलतानाने त्याची योग्यता ओळखून त्याला दरबारी ठेवून घेतले. पुढे तो ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख झाला आणि अखेर वजीर. १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकले. राज्याचे चार मोठे सुभे होते, त्यांचे त्याने आठ केले, जमिनीची मोजणी करविली आणि सुभेदारांच्या हाती एकेकच किल्ला ठेवला. साहजिकच दरबारात त्याचे शत्रू वाढले.

मदरसा याच काळातला, १४७२ चा. सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद अशी ही तीन मजली वास्तू होती. विद्यार्थ्यांच्या ३६ खोल्या, शिक्षकांची निवासस्थाने, मशीद, मोठे ग्रंथालय आणि व्याख्यानाची उंच दालने, अशी तिची योजना होती. जाड भिंतींमुळे एका दालनातील पाठाचा आवाज दुसऱ्यात सहसा जात नाही. मात्र उंच आणि कठीण भिंतींच्या रिकाम्या दालनात आवाज घुमतो, तर माणसे व जाजमे आवाज शोषून घेतात. हे गणित अमेरिकेत सॅबिन या प्राध्यापकाने १८९५ नंतर मांडले. आजच्या सिमेंटच्या उघड्या वर्गखोल्यांत शेवटच्या बाकावर शब्द नीट का पोचत नाहीत, याचे कारणही तेच आहे.

या वास्तूचा हिशेब आणखी एका दृष्टीने पाहता येईल. इमारतीचा दिवा-पंख्याचा खर्च हा चालू खर्च. पण ती बांधतानाच जो कार्बन वायू हवेत जातो, तो भांडवली खर्च होय. त्याला आज ‘एम्बॉडीड कार्बन’ म्हणतात. जगातील एकूण कार्बन वायूपैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे निघतो, आणि सिमेंटचे कारखाने तर आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात आहेत. मदरसा दगड-चुन्याचा आहे. चुनाही भाजावाच लागतो. परंतु घट्ट होताना तो त्यातील काही वायू हवेतून परत घेतो. शिवाय भांडवल जितकी वर्षे कामी येईल, तितका वर्षाचा बोजा कमी, हा घसाऱ्याचा नियम येथेही लागू पडतो.

गवानाचा शेवट मात्र दुःखद झाला. शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले. सुलतानाने चौकशी न करताच ५ एप्रिल १४८१ रोजी या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. नंतर त्याचा खजिना तपासला, तेव्हा त्यात फारसे धन निघाले नाही; मिळकत तो गरिबांवर व विद्येवर खर्च करीत असे, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. पश्चात्तापदग्ध सुलतान पुढच्याच वर्षी वारला आणि बहमनी राज्याची पाच शकले झाली.

मदरसा मागे राहिला. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर घेतल्यावर तेथे फौज राहू लागली व तोफांची दारू साठविली गेली. १६९६ च्या सुमारास मोठा स्फोट होऊन पुढचा भाग उडाला. दोन शतकांहून अधिक काळ टिकलेली ठेव एका क्षणात बुडाली.

आज आपल्या भागातील जुने दगडी वाडे पाडून स्लॅबची घरे उठत आहेत. पाडण्यापूर्वी त्यांतील आधीच्या पिढ्यांच्या भांडवलाचा हिशेब मांडावयास हवा. गवानाने स्वतःसाठी काही शिल्लक ठेवले नाही. त्याची शिल्लक त्या भिंतींत आहे.