रिकाम्या जागा राखणारा रसायनज्ञ : दिमित्री मेंडेलीव्ह

लखनौतील मराठी घरांत मुले शास्त्राच्या अभ्यासाला बसली की एक गमतीचा घोटाळा हटकून होतो. शाळेच्या हिंदी पुस्तकात ज्याला ‘परमाणु’ म्हटलेले असते, त्याला आपण मराठीत ‘अणू’ म्हणतो; आणि त्यांचा ‘अणु’ तो आपला ‘रेणू’. आईने मराठीतून शिकलेले रसायन आणि मुलाने शाळेतून आणलेले रसायन यांची अशी जुंपली, की अखेर निवाड्यासाठी भिंतीवरच्या एका तक्त्याकडे बोट दाखवावे लागते. मूलद्रव्यांच्या त्या आवर्तसारणीत भाषेचा तंटा नाही. तिच्यातील चिन्हे साऱ्या जगाची एकच आहेत.

ही सारणी मांडणाऱ्या रशियन रसायनज्ञाचे चरित्र आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या चरित्राच्या आरंभी मुलाच्या शिक्षणासाठी घरदार सोडून परमुलखात गेलेली एक आई उभी आहे. ती आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल.

दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी सैबेरियातील तोबोल्स्क या गावी झाला. मोठ्या कुटुंबातील हे शेंडेफळ. वडील इव्हान तेथील शाळेचे प्रमुख होते. परंतु दिमित्रीच्या जन्माच्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरी सुटली. संसाराचा भार आई मारिया यांच्यावर पडला. माहेरच्या मालकीचा काचेचा कारखाना त्यांनी चालविण्यास घेतला आणि मुलांना वाढविले. १८४७ मध्ये पती निवर्तले आणि पुढच्याच वर्षी कारखाना आगीत भस्मसात झाला. अशा वेळी कोणीही हातपाय गाळले असते. मारियाबाईंनी मात्र उरलीसुरली पुंजी गोळा केली आणि १८४९ मध्ये धाकट्या मुलाला व एका मुलीला घेऊन त्या दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या मॉस्कोची वाट चालू लागल्या. मॉस्को विद्यापीठाची दारे मुलासाठी उघडली नाहीत. तेव्हा त्या आणखी सातशे किलोमीटर पुढे सेंट पीटर्सबर्गला गेल्या. पती जेथे शिकले होते त्याच अध्यापन संस्थेत १८५० मध्ये दिमित्रीला प्रवेश मिळाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत या माउलीने देह ठेवला. जणू तेवढ्याचसाठी प्राण धरून ठेवला होता. पुढे १८८७ मध्ये द्रावणांवरील आपला मोठा ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला.

१८५५ मध्ये सुवर्णपदकासह शिक्षण पुरे करून त्यांनी काही काळ दक्षिणेकडे शिक्षकी केली आणि १८५९ मध्ये ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे संशोधनासाठी गेले. १८६० मध्ये कार्ल्सरूहे या गावी युरोपातील रसायनज्ञांची परिषद भरली. तेथे तरुण मेंडेलीव्ह उपस्थित होते. वाद होता तो मापाचा. एकटा अणू काही तराजूत घालता येत नाही. म्हणून सर्वांत हलक्या हायड्रोजनचा अणुभार एक धरून इतरांचे भार त्याच्या पटीत सांगावयाचे, अशी रीत होती. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजन व आठ भाग ऑक्सिजन असतो, हे तर तोलून ठरले होते. पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा अणू एक मानला तर ऑक्सिजनचा अणुभार आठ येतो, दोन मानले तर सोळा! चौकातल्या सराफाने आठ गुंजांचा मासा धरावा आणि शेजारच्याने सोळांचा, तर दागिन्याची जी गत होईल तीच रसायनशास्त्राची झाली होती. इटलीचे कॅनिझारो यांनी हा गुंता कसा सोडवावा हे या परिषदेत दाखविले आणि अणुभारांना भरवशाचा पाया मिळू लागला.

१८६७ मध्ये मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना द्यावयास चांगले पुस्तक नाही, म्हणून त्यांनी स्वतःच लिहावयास घेतले आणि पेच पडला. त्या वेळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने शिकवावीत? अध्यापकाच्या या साध्या अडचणीतून १८६९ मध्ये आवर्तसारणी जन्मास आली. अणुभारांच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्ये मांडली असता ठराविक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा उमटतात, हे त्यांच्या ध्यानी आले. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम यांचे अणुभार ७, २३ आणि ३९; तिन्ही धातू मऊ आणि तिन्ही पाण्याशी झटणारे. जणू एकाच कुळातले भाऊ. जर्मनीत लोथार मायर हेही स्वतंत्रपणे याच वाटेवर होते आणि १८८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दोघांनाही मिळून दिले.

मेंडेलीव्ह यांचे वेगळेपण आमच्या मते त्यांनी भरलेल्या जागांपेक्षा त्यांनी रिकाम्या ठेवलेल्या जागांत आहे. जस्ताचा अणुभार ६५ आणि त्यानंतरचे ज्ञात मूलद्रव्य आर्सेनिक, अणुभार ७५. क्रमाने पाहता आर्सेनिक ॲल्युमिनियमच्या खाली यावयाचे. पण त्याचे सारे गुण फॉस्फरसच्या कुळाचे. मेंडेलीव्ह यांनी आर्सेनिकला त्याच्या कुळात बसविले आणि मधली दोन घरे मोकळी सोडली. पंगतीत अजून न आलेल्या पाहुण्याचा पाट राखावा तशी! इतकेच नव्हे, तर १८७१ मध्ये त्यांनी त्या अज्ञातांचे अणुभार, घनता आणि स्वभावही वर्तविले आणि त्यांच्या नावांना उपसर्ग लावला तो आपल्या संस्कृतातला : एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन, एक-बोरॉन. त्याच सेंट पीटर्सबर्ग नगरीत त्या काळी संस्कृतचा थोर कोश छापला जात होता, हे येथे आठवते.

१८७५ मध्ये फ्रान्सच्या ल कॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडले. हेच ते एक-ॲल्युमिनियम. त्यांनी घनता मोजली ती ४.७ भरली. मेंडेलीव्ह यांचा अंदाज ५.९ होता. धातूचा कणही न पाहिलेल्या मेंडेलीव्ह यांनी नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजण्यास सुचविले. फ्रेंच संशोधकाने तसे केले आणि घनता ५.९ भरली! हे गॅलियम ३० अंशांच्या आतच वितळते. लखनौच्या जेठात ते कपाटातल्या कपाटात पाणी होईल. पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम येऊन आपापल्या पाटांवर बसले.

त्यांचे सगळेच अंदाज खरे ठरले असे मात्र नाही. आयोडीनपेक्षा टेल्युरियम जड भरते, हा मोजणीचा दोष असावा असे त्यांना वाटे. मोजणी बरोबर होती. खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा आहे, हे १९१३ मध्ये मोस्ली यांनी दाखविले. अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन आहे, हे मानावयासही त्यांचे मन तयार नव्हते.

१८८० मध्ये रशियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना नाकारले. १८९० मध्ये विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे मंत्र्यांकडे नेल्यावरून त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. तरीही आयुष्याच्या संध्याकाळी त्यांनी हाती घेतले ते मापाचेच काम. १८९३ पासून अखेरपर्यंत ते रशियाच्या वजनमापांच्या मुख्य संस्थेचे प्रमुख होते आणि १८९९ च्या कायद्याने तेथे मेट्रिक मापांना मुभा मिळाली. आपल्या बाजारातून शेर आणि तोळा जाऊन ग्रॅम-किलोग्रॅम येऊ लागले ते १९५८ पासून.

२ फेब्रुवारी १९०७ रोजी मेंडेलीव्ह निवर्तले. १९५५ मध्ये १०१ व्या मूलद्रव्याला त्यांचे नाव मिळाले. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये असून तिच्या सातही ओळी भरल्या आहेत. १९५१ मध्ये गोमतीकाठच्या छत्तर मंझिलीत केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली. तेथे जी औषधे घडविण्याचे प्रयत्न झाले त्यांची बाराखडीही हीच.

वाचकहो, जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणून जागा भरण्यापेक्षा ती प्रामाणिकपणे मोकळी ठेवावी आणि जे ठाऊक आहे ते नीट मोजावे, हा या चरित्राचा बोध आम्ही मानतो. मुलांनी आपल्याला अवघड प्रश्न विचारले की आपणही तसेच करावे. आणि मुलाच्या शिक्षणापायी गाव सोडलेल्या ज्या आया आपल्या मंडळात आहेत, त्यांनी भिंतीवरचा तो तक्ता पाहताना सैबेरियातल्या मारियाबाईंना जरूर आठवावे.