ध्यानचंद यांची स्टिक

हॉकीचा विषय निघाला की आपल्या हॉस्टेलवर दोनच गोष्टींवर गप्पा होतात. एक म्हणजे शाहरुखचा सिनेमा, आणि दुसरी म्हणजे ध्यानचंदांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक असल्याच्या संशयाने ती हॉलंडमध्ये मोडून बघितली, ही गोष्ट. पहिल्या विषयात आमच्यापेक्षा तयारीचे लोक प्रत्येक विंगमध्ये आहेत. दुसऱ्याबद्दल मात्र इंजिनिअरिंगच्या पोरांनी चार शब्द बोलायला काय हरकत आहे?

ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. कोणी लोहचुंबक म्हणतं, कोणी म्हणतं जपानमध्ये स्टिकला डिंक लावल्याचा संशय घेतला. पण ती कोणत्या सामन्यात मोडली, कोणी मोडली, हे गोष्ट सांगणारा कधीच सांगत नाही. ते जाऊ दे. जरा चेंडूकडे बघू. त्या काळचा हॉकीचा चेंडू म्हणजे आत बुचाचा गोळा, त्यावर घट्ट गुंडाळलेली सुतळी आणि वरून शिवलेलं पांढरं चामडं. वजन साडेपाच ते पावणेसहा औंस, म्हणजे साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. यात लोखंड आहे कुठे? बुचाला चुंबक लावून बसा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, काय होणार? आणि समजा, चेंडू स्टिकला चिकटलाच, तर तो पुढे पास कसा करणार? ध्यानचंदांची खरी ख्याती तर चेंडू वेळेवर सोडण्यात होती. म्हणजे ज्याने कोणी ही गोष्ट रचली, त्याचा फिजिक्सचा पेपर बहुधा राहिलेला असावा!

तरी गोष्टीतला एक मुद्दा मला आवडतो. माणूस फारच चांगला खेळायला लागला की लोक आधी त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघतात. म्हणून या लेखात ध्यानचंदांचं आयुष्य आणि नियमात बसणारी स्टिक या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, अलाहाबादचा. मूळ नाव ध्यानसिंग. वडील सैन्यात होते, त्यामुळे बदल्या होत राहिल्या आणि शेवटी कुटुंब झाशीला स्थिरावलं. झाशी म्हटल्यावर मराठी माणसाला नेवाळकर आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. त्याच गावाने पुढे हा दुसरा माणूस दिला. शिक्षण जेमतेम सहा इयत्ता. लहानपणी त्यांना ओढ होती ती कुस्तीची. हॉकी म्हणजे मित्रांबरोबर झाडाची फांदी आणि चिंध्यांचा चेंडू घेऊन केलेली धमाल, एवढंच.

या फांदीवर जरा थांबायला हवं. जव्हारजवळच्या साखरशेतचा आमचा एक रूममेट आहे. हा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला की त्यांच्याकडे पोरं आधीच वाकलेली फांदी शोधतात. सरळ लाकूड तासून वाकडं करत बसत नाहीत. नांगराचं लाकूड निवडतानाही म्हातारी माणसं हेच बघतात. ऐकायला साधं वाटतं, पण यात अख्खा स्ट्रेंथ ऑफ मटेरियलचा धडा आहे. लाकडाची ताकद त्याच्या रेषांच्या दिशेने असते. सरळ फळीतून हुकाचा आकार कापून काढला तर वळणाच्या जागी रेषा आडव्या तुटतात, आणि पहिल्या जोरदार फटक्याला तिथेच स्टिक दुभंगते. नैसर्गिक वाकलेल्या फांदीत मात्र रेषा वळणाबरोबर वळतात. स्टिकचे कारागीरही हेच साधतात, फक्त वाफेने लाकूड मऊ करून. त्यासाठी आपल्याकडे वापरतात तुतीचं लाकूड. ते चिवट असतं, आखूड वळणातही तडकत नाही. मूठ मात्र वेताची, वेतांच्या कांबींमध्ये रबराच्या पट्ट्या घालून केलेली, म्हणजे हाताला झिणझिण्या येत नाहीत. ही मूठ खाली पाचरीसारखी निमुळती करून डोक्यात बसवून चिकटवतात. फाळणीआधी या धंद्याचं मोठं केंद्र होतं सियालकोट. १९४७ नंतर तिथले बरेच कारागीर जालंधर आणि मेरठला आले.

असो. २९ ऑगस्ट १९२२ ला, वयाच्या सतराव्या वाढदिवशी, ध्यानसिंग शिपाई म्हणून फर्स्ट ब्राह्मण रेजिमेंटमध्ये भरती झाले. तिथे सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांच्या हाती पहिल्यांदा खरी स्टिक दिली. दिवसभर ड्यूटी, म्हणून सराव रात्री चंद्र वर आल्यावर करायचे, त्यावरून सोबत्यांनी चंद हे नाव जोडलं असं सांगतात. आपल्याकडे रात्री दोनपर्यंत जागणारे पुष्कळ आहेत, कारणं निराळी!

१९२६ मध्ये भारतीय सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामन्यांत १८ विजय, २ बरोबरी, फक्त १ पराभव. संघाने १९२ गोल केले, त्यातले शंभरावर एकट्या ध्यानचंदांचे. परत आल्यावर बढती मिळाली ती लान्स नायकाची. एवढ्या गोलांच्या बदल्यात फक्त बाहीवर एक फीत.

मग १९२८, ॲमस्टरडॅम. भारताचा संघ ऑलिंपिक हॉकीत पहिल्यांदाच उतरणार होता. मुंबईहून बोट सुटणार, त्याआधी संघ मुंबईच्या संघाशी खेळला आणि चक्क ३-२ असा हरला. बंदरावर निरोपाला आले किती जण? तीन! कप्तान होते जयपालसिंग, रांचीकडचे मुंडा आदिवासी, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, जे पुढे घटना समितीत आदिवासींची बाजू मांडणारे म्हणून गाजले. (साखरशेतच्या मित्राला जयपालसिंग माहीत होते, आम्हा बाकीच्यांना नव्हते. हे नोंदवून ठेवतो.) अंतिम सामन्याआधी जयपालसिंग संघातून बाहेर पडले होते. तरी २६ मे १९२८ ला भारताने यजमान हॉलंडला ३-० हरवलं. पाच सामन्यांत भारताचे २९ गोल, त्यातले १४ ध्यानचंदांचे, आणि भारतावर झालेले गोल शून्य. संघ परत आला तेव्हा मुंबईच्या त्याच बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती.

आता नियमाकडे येऊ. हॉकी स्टिकला एकच बाजू सपाट असते, डावीकडची, आणि चेंडू त्याच बाजूने खेळायचा. उजवी बाजू गोलसर असते, तिचा स्पर्श झाला की फाऊल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमात नाही, त्यांनीही हीच वापरायची. मग चेंडू उजवीकडून डावीकडे आणायचा झाला तर? स्टिक मुठीत उलटी फिरवून, टोक खाली करून खेळायचं. इथेच सगळी गंमत आहे. जुन्या इंग्लिश स्टिकचं डोकं ॲश लाकडाचं, लांबलचक, सावकाश वळलेलं. ते मनगटात फिरवायचं म्हणजे लांब दांड्याची कुदळ फिरवण्यासारखं. तुतीच्या स्टिकचं डोकं आखूड आणि घट्ट वळलेलं. वस्तुमान अक्षाच्या जवळ आलं म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया कमी, म्हणजे मनगटाच्या एका झटक्यात स्टिक उलटी-सुलटी. भारतीय खेळाडूंचं ते प्रसिद्ध डावं-उजवं ड्रिबलिंग या आखूड डोक्याला फार शोभून दिसलं, आणि हळूहळू जगाने तसंच डोकं स्वीकारलं. चुंबक शोधणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं. जे होतं ते उघड्यावर होतं, आणि नियमात होतं.

नियमात आहे की नाही हे ओळखायचं कसं? यासाठी जुनी, अगदी वर्कशॉपी युक्ती आहे: दोन इंच आतल्या व्यासाची कडी. स्टिक मुठीपासून डोक्यापर्यंत, वरची टेप वगैरे धरून, त्या कडीतून पार गेली पाहिजे. सेकंड इयरच्या मुलांनो, हे आपलं गो गेज! कडीत अडकली की बाद, वाद नाही, चर्चा नाही. आज ही कडी ५१ मिलिमीटरची. वजन ७३७ ग्रॅमच्या आत, लांबी १०५ सेंटिमीटरच्या आत. स्टिकच्या दांड्याला जो हलका बाक देतात तो २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि त्याची सर्वांत खोल जागा खालच्या टोकापासून २०० मिलिमीटरच्या आत यायला नको. टेबलावर स्टिक ठेवून खालून २५ मिलिमीटरचा ठोकळा सरकवून बघायचा. सरकला तर स्टिक परत द्यायची. कडा गुळगुळीत हव्यात, खिळा, पत्रा, तुटकी चीर काही नको. ठेचून फुटलेल्या टोकाला पत्रा मारून वापरणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी हे खास. आणि आता कार्बन-ग्लास फायबरच्या स्टिक आल्यापासून एक नवीन नियम आहे, चाचणीत चेंडूचा वेग स्टिकच्या वेगाच्या ९८ टक्क्यांपेक्षा जास्त भरता कामा नये. म्हणजे स्टिकने स्प्रिंगचं काम करायचं नाही.

आपल्या मैदानावर बहुतेक घोळ कडीचाच होतो. स्टिक दुकानातून येते तेव्हा बरोबर असते. मग साहेब घामाने हात सटकतो म्हणून एकावर एक तीन ग्रिप गुंडाळतात आणि सामन्याच्या दिवशी ती मुठीपाशी कडीत अडकते. लेथवर ५१ ची एक कडी बोअर करून जिमखान्यात खिळ्याला टांगून ठेवली तर अर्ध्या तासाचं काम आहे. स्टिक घेताना उंचीचंही बघा. सरळ उभं राहून स्टिक पायाशी टेकवली की वरचं टोक साधारण कमरेच्या हाडापाशी यावं. जड स्टिकने फटका लांब जातो, पण मनगट हळू फिरतं. फॉरवर्डने हलकी घ्यावी, बॅकने थोडी जड.

१९३२ ला लॉस एंजेलिस. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असं हरवलं. अमेरिकेविरुद्ध धाकटे बंधू रूपसिंग यांचे १० गोल आणि ध्यानचंदांचे ८. दोन सामन्यांत भारताचे ३५ गोल झाले, त्यात रूपसिंगांचे १३, ध्यानचंदांचे १२. थोरल्याच्या स्टिकला खरोखर काही चिकटत असतं, तर धाकट्याच्या वाट्याला एवढे आले असते का? पुढच्या वर्षी झाशी हीरोज या आपल्या गावच्या क्लबबरोबर त्यांनी कलकत्त्याचा बायटन कप जिंकला. ऑलिंपिक सुवर्ण असलेल्या माणसाला या कपाचं अप्रूप होतं, याचं आम्हाला विशेष वाटतं.

१९३६ ला बर्लिनमध्ये ते कप्तान होते. मुंबईचे बाबू निमल त्या संघात होते. १७ जुलैला सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलं आणि कप्तानाची झोप उडाली. तातडीने तार करून दारांना भारतातून बोलावलं. पावसामुळे अंतिम सामना एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला ओल्या मैदानावर झाला. मध्यंतराला फक्त १-०. पाय सरकत होते, म्हणून दुसऱ्या डावात ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले. शेवटी ८-१. जर्मनीचा तो एक गोल, तेवढाच भारतावर त्या अख्ख्या स्पर्धेत झाला. हिटलरने देऊ केलेल्या नोकरीची गोष्ट तुम्हाला पाठच असेल, ती इथे सोडून देतो. लक्षात घेण्यासारखं हे, की अडचण आली तेव्हा त्यांनी बूट बदलले, स्टिक नाही.

त्यांच्याबद्दल अजून एक गोष्ट सांगतात. एका सामन्यात त्यांचे फटके सारखे पोस्टला लागत होते. त्यांनी पंचांकडे गोलपोस्टचं माप चुकल्याची तक्रार केली, मोजलं तर खरंच चुकलेलं. खरी की रचलेली, देव जाणे. पण चुंबकाच्या गोष्टीपेक्षा ही त्यांना जास्त शोभते. नियमाची गोलपोस्ट १२ फूट रुंद, ७ फूट उंच. हजारो फटके मारलेल्या हाताला ते माप ठाऊक असणारच.

पुढे महायुद्ध आलं आणि ऐन उमेदीतली दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. १९५२ मध्ये गोल हे आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. १९५६ ला ते मेजर म्हणून सैन्यातून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक होते. १९७५ मध्ये मुलगा अशोककुमार याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल मारला, तो त्यांना बघायला मिळाला. आणि १९७६ देखील बघावं लागलं. माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. १९२८ पासून प्रथमच पदकाशिवाय परत.

शेवटची वर्षं झाशीत गेली, पैशांची ओढाताण होती. यकृताचा कॅन्सर झाला. दिल्लीच्या एम्समध्ये, जनरल वॉर्डात, ३ डिसेंबर १९७९ ला ते गेले. पुढे दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमला त्यांचं नाव दिलं, २९ ऑगस्ट राष्ट्रीय क्रीडा दिन झाला, २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्कारही त्यांच्या नावाचा झाला. हे सगळं नंतर. त्या डिसेंबरमध्ये त्यांना झाशीला नेलं आणि ज्या हीरोज क्लबकडून ते खेळले, त्या हीरोजच्या मैदानावर अंत्यसंस्कार केले.