फिलिप हेन्री गॉस

फिलिप हेन्री गॉस (जन्म : वूस्टर, इंग्लंड, ६ एप्रिल १८१०, मृत्यू : सेंट मेरीचर्च, डेव्हन, २३ ऑगस्ट १८८८) हे इंग्लिश निसर्ग-अभ्यासक, चित्रकार व लेखक होते. समुद्रातील प्राणी घरातील काचपात्रात दीर्घकाळ जिवंत कसे ठेवावेत, याचे व्यवहार्य ज्ञान त्यांनी सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. 'ॲक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो प्रामुख्याने त्यांच्या १८५४ सालच्या 'द ॲक्वेरियम' या ग्रंथामुळे. मात्र त्यांच्या लेखनातून निर्माण झालेल्या छंदामुळेच त्यांच्या आवडत्या किनाऱ्यांवरील जीवसृष्टीची मोठी हानी झाली.

पूर्वायुष्य

गॉस यांचे वडील गावोगाव फिरून लघुचित्रे काढणारे चित्रकार होते. कुटुंबाची परिस्थिती बेताची होती. त्यांचे बालपण डॉर्सेटमधील पूल या बंदरात गेले. समुद्रपुष्पांची (सी ॲनिमोन) पहिली ओळख त्यांना त्यांच्या आत्याने तेथेच करून दिली. १८२७ साली ते न्यू फाउंडलंडमधील कार्बोनियर येथे एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेले. १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरील एक जुना ग्रंथ त्यांच्या हाती आला आणि कीटकांच्या अभ्यासाची त्यांना गोडी लागली. त्यानंतर त्यांनी कॅनडात शेती करून पाहिली. ती फायद्याची ठरली नाही. १८३८ साली अमेरिकेतील अलाबामा येथे काही महिने शिक्षकी करून ते १८३९ साली इंग्लंडला परतले. 'द कॅनेडियन नॅचरलिस्ट' (१८४०) हे त्यांचे पहिले प्रकाशित पुस्तक होय. १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी जमैका बेटावर पक्षी व इतर प्राण्यांचा अभ्यास केला.

१८४८ साली त्यांचा विवाह लेखिका एमिली बोज यांच्याशी झाला. पुढे साहित्यसमीक्षक म्हणून प्रसिद्धीस आलेले एडमंड गॉस (१८४९–१९२८) हे त्यांचे एकुलते पुत्र.

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय

समुद्रजीव पात्रात ठेवण्याचे प्रयत्न गॉस यांच्यापूर्वीही झाले होते. जान व्हिलप्रो-पॉवर यांनी सिसिलीत १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या वापरून समुद्रजीवांचे निरीक्षण केले होते. ॲना थिन यांनी १८४६ नंतर लंडनमध्ये जिवंत प्रवाळ सांभाळले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात आणि प्राण्यांना तो मिळतो, हा समतोल रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली गोड्या पाण्यात दाखवून दिला.

प्रकृती बिघडल्यामुळे गॉस १८५२ साली डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. तेथे ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत उतरून त्यांनी समुद्रपुष्पे, कृमी, शिंपले व शैवले गोळा केली आणि काचपात्रांत वाढवली. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. त्यासाठी गॉस यांनी अनेक समुद्रजीव पुरवले.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना समुद्राचे पाणी मिळणे कठीण होते. यासाठी गॉस यांनी १८५४ साली कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. साडेतीन औंस (सुमारे १०० ग्रॅम) साधे मीठ, पाव औंस (सुमारे ७ ग्रॅम) एप्सम मीठ, २०० ग्रेन (सुमारे १३ ग्रॅम) मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार, चार क्वार्टांहून (सुमारे साडेचार लिटर) किंचित कमी पाण्यात विरघळवावेत, अशी ती कृती होती. चुन्याचे क्षार त्यांनी वगळले. आज प्रवाळांसाठी तयार होणाऱ्या क्षारमिश्रणांत कॅल्शियम आवर्जून घातले जाते, कारण प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो.

पात्रात जीव सोडण्याचा त्यांचा क्रम महत्त्वाचा होता. तयार पाणी गाळून पात्रात ओतावे, त्यात किनाऱ्यावरील दगड-गोटे व हिरवी शैवले ठेवावीत, काही दिवस थांबावे आणि मगच प्राणी सोडावेत, असा तो क्रम होय. प्राण्यांची संख्या पाण्याच्या मानाने मर्यादित असावी आणि मेलेला जीव लगेच काढावा. बाष्पीभवनाने पाणी कमी झाल्यास गोडे पाणीच घालावे, कारण पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. काचेवर चढणारे शेवाळ खरवडून खाणाऱ्या समुद्री गोगलगायींचाही त्यांनी उपयोग करून घेतला. पंप, गाळणी, कृत्रिम प्रकाश यांसारखी उपकरणे पुढे आली, तरी पाणी आधी परिपक्व होऊ द्यावे आणि जीव सावकाश वाढवावेत हा नियम आजही पाळला जातो.

छंदाची लाट व किनाऱ्याची हानी

इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली रद्द झाला होता आणि रेल्वेमुळे किनारा जवळ आला होता. गॉस यांच्या सचित्र पुस्तकांची त्यात भर पडली व १८५० च्या दशकात मत्स्यालयाचा छंद मध्यमवर्गात झपाट्याने पसरला. विल्यम ॲलफर्ड लॉइड यांनी तर लंडनमध्ये काचपात्रे व जिवंत समुद्रजीव विकण्याचे दुकानच काढले.

छातीहातोडी व बरण्या घेऊन हौशी लोक किनाऱ्यावर उतरू लागले. बहुतेकांच्या पात्रांतील जीव थोड्याच दिवसांत मरत, आणि त्यांच्या जागी नवे आणले जात. शतकानुशतके अस्पर्श राहिलेली खडकांतील डबकी काही वर्षांतच ओस पडली. आपल्या पुस्तकांचा हा परिणाम गॉस यांना स्वतःच्या हयातीतच पाहावा लागला आणि त्याचे त्यांना अतिशय दुःख झाले, असे एडमंड यांनी 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मचरित्रात नमूद केले आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ही लाट ओसरली.

इतर संशोधन व उत्तरायुष्य

१८५६ साली गॉस यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. पुढच्याच वर्षी एमिली यांचे कर्करोगाने निधन झाले. धर्मश्रद्धा व भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालण्यासाठी लिहिलेले त्यांचे 'ऑम्फालॉस' हे पुस्तकही १८५७ सालचेच. पृथ्वी निर्माण होतानाच पुरातनतेच्या खुणांसह निर्माण झाली, हा त्यातील सिद्धान्त शास्त्रज्ञांनी व धार्मिकांनीही स्वीकारला नाही. त्याच वर्षी ते सेंट मेरीचर्च येथे स्थायिक झाले.

ब्रिटनमधील समुद्रपुष्पे व प्रवाळ यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८५८ ते १८६० या काळात पूर्ण झाला. 'एप्टेशिया' या समुद्रपुष्पांच्या प्रजातीला त्यांनी १८५८ साली नाव दिले. प्रवाळांच्या दगडाबरोबर नकळत येऊन पात्रभर पसरणारा उपद्रवी जीव म्हणून ते नाव आजच्या छंदकरांना परिचित आहे. १८६० साली त्यांनी एलायझा ब्राइटविन यांच्याशी दुसरा विवाह केला. चार्ल्स टी. हडसन यांच्यासह रोटिफरांवर लिहिलेला ग्रंथ १८८६ साली प्रकाशित झाला.

वारसा

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय हे याच परंपरेतील होय. गॉस यांच्या काळात किनाऱ्यावरील जीव उचलण्यावर बंधन नव्हते. भारतात मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये खडक-प्रवाळ व समुद्री घोडे यांना २००१ पासून संरक्षण आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या समुद्रातील प्रवाळही त्यामुळे घरच्या पात्रासाठी काढता येत नाहीत.