थर्मोच्या पुस्तकातला कार्नो नेमका कोण होता?

मेकॅनिकलला असाल तर कार्नो सायकल तुम्ही डोळे मिटून काढत असाल. चार रेषा, खाली एफिशिअन्सीचा फॉर्म्युला, मार्क पक्के. पण ज्याच्या नावाने हे सगळं आहे तो आपल्याहून फार मोठा नव्हता, हे माहितीये? ज्या पुस्तकामुळे त्याचं नाव राहिलं, ते आलं तेव्हा सादी कार्नो अवघा २८ वर्षांचा होता.

त्याचा जन्म १७९६चा, पॅरिसमधला. वडील लाझार कार्नो म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतलं बडं प्रस्थ, पुढे नेपोलियनचे मंत्री आणि स्वतः गणिती. सादी हे नावही त्यांनी पर्शियन कवीवरून ठेवलेलं. सोळाव्या वर्षी पोरगा एकोल पोलिटेक्निकमध्ये गेला. आधी गणित पक्कं, मग इंजिनिअरिंग, अशी तिथली पद्धत. नंतर तो लष्करात इंजिनिअर झाला. पण १८१५मध्ये नेपोलियन हरला, वडिलांना देश सोडावा लागला आणि कार्नो हे आडनावच सादीला नडायला लागलं. शेवटी अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो पॅरिसमध्ये अभ्यासाला बसला.

जमाना वाफेच्या इंजिनांचा होता आणि इंग्लंड त्यात कितीतरी पुढे होतं. खटपट करून इंजिनं सुधारणारे खूप होते. पण ठरावीक उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

सादीने काय केलं बघा. झडपा, घर्षण, गळती सगळं बाजूला ठेवलं. उरलं काय? एक गरम बाजू, एक थंड बाजू आणि मध्ये वायू. यालाच आज आपण मॉडेल म्हणतो. पाणी किती उंचीवरून पडतं त्यावर पाणचक्कीचं काम ठरतं. तसंच उष्णता किती तापमानावरून कितीवर उतरते, त्यावर इंजिनाची कमाल मर्यादा ठरते, हे त्याने दाखवलं. आत वाफ असो की हवा, मर्यादा तीच.

आजच्या फॉर्म्युल्यात आकडे घालून बघा. वाफ १०० अंश सेल्सिअसला आणि थंड बाजू ३० अंशांना असेल, तर कितीही भारी इंजिन बनवा, १९ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. वाफ ५५० अंशांवर नेली की मर्यादा ६३ टक्क्यांवर चढते. म्हणून तर औष्णिक वीज केंद्रात वाफ इतकी तापवतात. आणि तरीही कूलिंग टॉवरमधून उष्णता सोडून द्यावीच लागते.

१८२४मध्ये त्याने हे पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं, ६०० प्रती. फारशी कोणी दखल घेतली नाही. १८३२मध्ये पॅरिसला कॉलऱ्याची साथ आली आणि सादी गेला, वय ३६.

दोन वर्षांनी त्याच्याच कॉलेजातून शिकलेल्या क्लापेरोनने त्याचे विचार समीकरणांत आणि आलेखात मांडले. आपण काढतो ती पी-व्ही डायग्राम तिथून आली. पुढे केल्विन आणि क्लॉसियस यांनी त्यावरच थर्मोडायनॅमिक्स उभं केलं.

गंमत म्हणजे उष्णता हा एक पदार्थ आहे, ही तेव्हाची चुकीची समजूत सादीने पुस्तकात धरली होती. तरी मर्यादेचा निष्कर्ष टिकला. त्याचे उरलेले कागद भावाने १८७८मध्ये छापले, तेव्हा कळलं की ती समजूत त्याने स्वतःच पुढे सोडून दिली होती.

आपल्याकडे फॉर्म्युला आधी येतो, प्रश्न बऱ्याचदा येतच नाही. पुढच्या प्रोजेक्टला सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर दोन याद्या करा. मॉडेलमध्ये काय घेतलं आणि काय सोडलं. सोडलं ते का सोडलं, हे व्हायवात सांगता आलं तर कार्नो तुम्हाला कळला.