एक्सप्लेनर : २६व्या वर्षी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, ३७व्या वर्षी नागपुरात गिरणी, जमशेदजी टाटांनी करिअर कसे घडवले?

नागपूर : प्लेसमेंटमध्ये नाव आले नाही, पहिली नोकरी टिकली नाही, दोन वर्षे स्पर्धा परीक्षेत गेली. पंचविशीत असे काही घडले की अनेक तरुणांना आता सगळे संपले असे वाटू लागते. जमशेदजी टाटा म्हटले की पोलाद, ताजमहाल हॉटेल आणि बंगळुरूची विज्ञान संस्था आठवते. पण त्यांची पंचविशीही अशीच गेली होती. त्यांच्या करिअरला खरी दिशा मिळाली ती नागपुरात. कशी, ते समजून घेऊया.

सुरुवात कशी झाली?

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारीचा. घराणे पारशी पुरोहितांचे, पण वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात उतरले होते. जमशेदजी १३व्या वर्षी मुंबईत आले आणि १८५८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून शिक्षण पूर्ण करून वडिलांच्या पेढीत रुजू झाले. पुढच्याच वर्षी त्यांना हाँगकाँगला पाठवण्यात आले. थोडक्यात, पहिली नोकरी घरचीच होती.

अपयश नेमके कुठे आले?

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत सट्ट्याला ऊत आला. या तेजीच्या जोरावर भारतीय बँक उभारण्याची योजना घेऊन जमशेदजी लंडनला गेले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले आणि त्यांच्याकडच्या हुंड्या व रोखे रद्दी झाले.

तेव्हा ते २६ वर्षांचे होते. परक्या शहरात देणेकरी दारात उभे होते. त्यांनी तोंड लपवले नाही. हिशेब जसे होते तसे समोर ठेवले. त्या प्रामाणिकपणाचा परिणाम असा झाला, की देण्याघेण्याचा निपटारा करण्याचे काम देणेकऱ्यांनी त्यांच्याकडेच सोपवले, तेही महिना २० पौंड पगारावर. इंग्लंडमधल्या या मुक्कामात त्यांनी लँकेशायरचा कापड उद्योगही जवळून पाहिला.

पुन्हा उभे कसे राहिले?

१८६८ मध्ये, २९व्या वर्षी, त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. १८६९ मध्ये चिंचपोकळीतील बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिथे कापड गिरणी चालवली आणि दोन वर्षांत ती नफ्यात विकली. त्यानंतर मोठी उडी न घेता ते पुन्हा इंग्लंडला जाऊन गिरण्यांचा बारकाईने अभ्यास करून आले. आजच्या भाषेत, आधी छोटा प्रोजेक्ट, मग अपस्किलिंग.

मुंबई सोडून नागपूरच का?

तेव्हा गिरणी काढायची तर मुंबईतच, असा शिरस्ता होता. जमशेदजींनी यादी वेगळी मांडली. कापूस जवळ हवा, तो विदर्भात पिकत होता. रेल्वे हवी, ती १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती. कोळसा वरोऱ्याला मिळत होता आणि जमीन स्वस्त होती.

१८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, दलदलीची जागा घेऊन भराव टाकण्याचे काम सुरू झाले. जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसाला पैसे देणार नाही, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारल्याची आठवण सांगतात. टाटांनी माती टाकून सोने काढले, अशी कबुली पुढे त्याच सावकाराने दिली म्हणे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली.

माणसे कशी निवडली?

नोकरी शोधणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. गिरणीची सूत्रे त्यांनी बेझनजी मेहता यांच्याकडे दिली. मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडाचा अनुभव शून्य. तांत्रिक बाजूला लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. व्यवस्थापनाची समज एकाची, यंत्रांची दुसऱ्याची. मेहतांनी पुढे अनेक दशके ही गिरणी सांभाळली.

सुरुवातीची स्वस्त यंत्रे कुचकामी ठरली. चूक लक्षात येताच ती बदलली. लँकेशायरच्या कारखानदारांचाही फारसा विश्वास नसलेले रिंग पद्धतीचे सूतकताई यंत्र नागपुरात आजमावून पाहिले गेले. कामगार वारंवार दांडी मारत. त्यावर दंडापेक्षा कामावर टिकण्याची कारणे देण्यावर भर राहिला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीतच तयार करण्याची पद्धतही इथे रुजली. आज आपण तिला अप्रेंटिसशिप म्हणतो.

विद्यार्थ्यांसाठी काय केले?

१८९२ मध्ये त्यांनी परदेशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी निधी उभारला. मदत कर्जाऊ होती. एकाने फेडलेला पैसा पुढच्याच्या कामी यावा, हा त्यामागचा विचार. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन, अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आणि आपले जयंत नारळीकर हे याच शिष्यवृत्तीचे मानकरी. ही योजना आजही सुरू आहे.

सगळी स्वप्ने पूर्ण झाली का?

नाही. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहारा इथल्या लोहखनिजाचा अहवाल वाचून पोलादाची कल्पना त्यांच्या मनात आली. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही, खाणीच्या अटीही जाचक होत्या. विषय बाजूला ठेवावा लागला. १८९९ मध्ये नियम शिथिल होताच, साठाव्या वर्षी, त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पोलादाचा पहिला ओतीव ठोकळा निघाला तो १९१२ मध्ये.

एम्प्रेस मिलचा भोंगा आता वाजत नाही. तिच्या जागेवर मॉल आहे आणि सुटीच्या दिवशी तिथे कॉलेजच्या मुलांची गर्दी असते. त्यातल्या कुणाला यंदा नोकरी मिळाली नसेल, तर एवढे ध्यानात ठेवावे : ही गिरणी सुरू झाली तेव्हा तिच्या मालकाचे मोठे अपयश बारा वर्षे जुने झाले होते.